ओटी म्हणजे ऑपरेशन नव्हे : हाताला काम देणाऱ्या उपचाराची गोष्ट



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, चहा आला. तेवढ्यात गटातल्या एका ताईंनी पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यांचा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. चालायला उशिरा लागला. हातात धरलेली वस्तू सुटते. शर्टाचं बटण लावता येत नाही. पाटीवर त्याचं एक अक्षर उमटेपर्यंत बाकीच्या मुलांची ओळ लिहून झालेली असते. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं होतं आणि तिथल्या कागदावर इंग्रजीत दोनच अक्षरं होती : ओटी.

ताईंचा चेहरा उतरलेला. "ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली ना? पोराला कापणार आहेत का?" त्यांनी विचारलं. कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मला बाई खणानारळाची ओटी ठाऊक, दुसरी नाही." आम्ही सगळ्या हसलो. ताई हसल्या नाहीत. कागद हातात येऊन तीन आठवडे झाले होते आणि भीतीपोटी त्या पुन्हा तिकडे फिरकल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी आशाताईंनी चौकशी करून सांगितलं, की ही ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत तिला व्यवसायोपचार म्हणतात. यात कापाकापी नाही, सुई नाही, गोळीही नाही. पण 'व्यवसाय' या शब्दानं आमचा नवा घोटाळा झाला. व्यवसाय म्हणजे आपल्याला शेळीपालन, पापड, शिलाई आठवते. सात वर्षांच्या पोराचा कसला व्यवसाय? तर इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्या ज्या कामात गुंतलेला असतो ते सगळं. मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणं, जेवणं, दात घासणं, कपडे घालणं, वर्गात बसणं, लिहिणं. फिजिओथेरपी स्नायूंची आणि सांध्यांची ताकद, हालचाल बघते. व्यवसायोपचार बघतो, की ती ताकद घेऊन मूल स्वतःचं बटण लावतं का, घास तोंडापर्यंत नेतं का, पाटी भरतं का. काही मुलांना दोन्ही लागतात.

मग आम्हाला उत्सुकता वाटली, की हा उपचार आला कुठून. आम्हाला वाटलं होतं, ही शहरातल्या मोठ्या डॉक्टरांची गोष्ट असेल. माहिती गोळा करत गेलो तशी ती बरीचशी बायकांची गोष्ट निघाली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

सहा माणसं आणि एक घर

मार्च 1917. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका घरात सहा माणसं तीन दिवस बसली, तीन बायका आणि तीन पुरुष. घर होतं जॉर्ज बार्टन यांचं. ते इमारतींचे नकाशे काढणारे वास्तुरचनाकार. क्षयानं पोखरलेले, पायाच्या शस्त्रक्रियेनंतर एक बाजू लुळी पडलेली. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा त्यांनी बागेत खणायला आणि सुतारकाम करायला घेतलं. हळूहळू ते पुन्हा उभे राहिले. आपल्या घराचं नाव त्यांनी 'दिलाशाचं घर' अशा अर्थाचं ठेवलं होतं आणि इतर आजाऱ्यांनाही ते कामातून बरं होण्याची वाट दाखवत.

त्या बैठकीत विल्यम डंटन हे मनोविकारांचे डॉक्टर होते, थॉमस किडनर होते, सुझन जॉन्सन या हस्तकलेच्या शिक्षिका होत्या, बैठकीचं टिपण ठेवणाऱ्या इझाबेल न्यूटन होत्या, आणि होत्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल. या स्लॅगलबाईंचं काम आम्हाला फार जवळचं वाटलं. शिकागोत 'हल हाऊस' नावाचं एक सेवाघर होतं. गरीब वस्तीतल्या बायकामुलांसाठी जेन ॲडम्स आणि त्यांच्या मैत्रिणीने ते सुरू केलं होतं. तिथे हस्तकामातून उपचार कसा करायचा याचं शिक्षण स्लॅगलबाईंनी घेतलं. पुढे मनोरुग्णांच्या दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की वर्षानुवर्षं नुसतं बसवून ठेवलेल्या माणसाला तोंड धुणं, केस विंचरणं, कपडे घालणं हेही विसरायला होतं. त्यांनी उपदेश केला नाही. रोज ठरल्या वेळी उठायचं, आवरायचं, थोडं काम, थोडा खेळ, मग विश्रांती, अशी दिवसाची घडी बसवून दिली. सवय हीच मात्रा. क्लिफ्टन स्प्रिंग्जच्या त्या बैठकीत या सगळ्याला 'ऑक्युपेशनल थेरपी' या नावाखाली एकत्र आणणारी संस्था जन्माला आली.

पुढच्याच महिन्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. हात-पाय गमावलेले, मनानं खचलेले जवान दवाखान्यांतून भरू लागले. त्यांच्यासाठी शिकवून तयार केलेल्या तरुणी पाठवल्या गेल्या. त्या जवानांना विणायला, टोपल्या करायला, लाकूड घासायला लावत. सुरुवातीला अनेकांना तो पोरखेळ वाटायचा. पण ज्याचा हात सुतानं, वेतानं हलू लागला, तो पुढे स्वतःच्या हातानं दाढी करू लागला, जेवू लागला.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबूया. विणणं, टोपल्या करणं, मातीकाम, शिवण ही कामं बायका पिढ्यानपिढ्या करत आल्या. त्यांना कोणी विद्या म्हटलं नाही. मात्र याच कामांकडे जेव्हा नीट पाहिलं गेलं, कुठलं काम कुठल्या बोटाला, मनगटाला, डोळ्याला, चित्ताला काय देतं हे मांडलं गेलं, तेव्हा त्यातून एक उपचारशास्त्र उभं राहिलं.

मुंबईतल्या दोन बायका

हे शास्त्र आपल्याकडे आलं ते मुंबईत. त्यामागे आम्हाला दोन बायका दिसतात.

पहिल्या फातेमा इस्माईल. स्वातंत्र्याच्या लढ्यात काम केलेल्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओवर लस नव्हती आणि पाय गेलेल्या मुलाचं पुढे काय करायचं याची सोयही नव्हती. त्या मुलीला घेऊन मद्रासला डॉक्टर किणी यांच्याकडे गेल्या आणि तिथे राहून तिच्यावर उपचार करून घेतले. परत आल्यावर त्यांच्या मनात आलं, की माझी ऐपत होती म्हणून मी गेले, बाकीच्या आयांनी काय करायचं? 1947 साली त्यांनी मुंबईत पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था सुरू केली. 'पांगळं' हा त्या काळचा शब्द. आज आपण तो वापरत नाही. हाजीअलीचं मुलांचं हाडांचं रुग्णालय याच कामातून उभं राहिलं.

दुसऱ्या कमलाताई निंबकर. नाव मराठी, पण जन्म अमेरिकेतला, 1900 सालचा. माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या हिंदुस्थानात आल्या, कमला झाल्या आणि इथल्याच झाल्या. मुलांच्या शिक्षणात त्यांना आधीपासून रस होता. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं. चाळिशीनंतर पुन्हा पाटी-पेन्सिल हाती घ्यायची म्हणजे काय, हे आपल्यातल्या ज्या प्रौढ वयात सही करायला शिकल्या त्यांना वेगळं सांगायला नको. 1950 साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. ती भारतातली पहिली शाळा आणि आशिया खंडातलीही पहिली. 1952 मध्ये देशभरातल्या व्यवसायोपचारकांची संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकारानं. त्याच वर्षी जगभरच्या संघटनांचा महासंघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झालं.

आपल्या सातारा भागाशी कमलाताईंचं नातं आहे. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर फलटणला आले आणि शेतीच्या संशोधनात रमले. फलटणमधल्या मराठी माध्यमाच्या एका नावाजलेल्या शाळेला कमला निंबकर बालभवन असं नाव आहे. त्या शाळेचं नाव आमच्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकलं होतं, पण त्या नावामागची बाई कोण, हे आम्हाला आत्ता कळलं.

मूल शाळेत कसं पोहोचलं

इथवरची गोष्ट बरीचशी दवाखान्यातली आहे. पण मूल दवाखान्यात किती वेळ असतं? त्याचा दिवस जातो घरात आणि शाळेत. हा पुढचा टप्पा गाठायला आणखी एक आई लागली.

मिथू अलूर यांची मुलगी मालिनी हिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आधी, जन्मताना किंवा लहानपणी मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या भागाला इजा झाली, की शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही. काही मुलांची बुद्धी अगदी तल्लख असते, फक्त हात, पाय, जीभ ऐकत नाहीत. हिचं काही होणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. परदेशात मुलीचं शिक्षण आणि उपचार दोन्ही होऊ शकतात हे पाहून मिथूताई परतल्या आणि 1972 साली मुंबईत त्यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. एकाच छपराखाली शिक्षक आणि उपचार करणारे. मूल सकाळी इकडे शाळेत, दुपारी तिकडे दवाखान्यात, अशी ओढाताण नाही. बसायची खुर्ची कशी हवी, हे व्यवसायोपचारक सांगणार आणि त्याच खुर्चीवर बसून मूल गणित शिकणार. मालिनी पुढे उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाल्या. एका करंगळीनं टाईप करून त्यांनी पुस्तक लिहिलं.

योगायोग असा, की त्याच 1972 साली अमेरिकेत जीन एअर्स या व्यवसायोपचारक बाईंचं एक महत्त्वाचं पुस्तक आलं. त्या कॅलिफोर्नियातल्या अक्रोडाच्या बागेत वाढलेल्या शेतकऱ्याच्या लेक. त्यांनी अशा मुलांचा अभ्यास केला, ज्यांचे हातपाय धडधाकट आहेत, डोळे-कान चांगले आहेत, तरी शाळेत जमत नाही. कोणी सारखं धडपडतं, कोणी आवाज झाला की कान झाकतं, कोणी चिखलाला, पिठाला हात लावत नाही, कोणी क्षणभर बसत नाही. त्यांचं म्हणणं असं, की पाच इंद्रियांखेरीज आणखी दोन जाणिवा शरीरात असतात. एक कानाच्या आत असलेली तोलाची आणि दुसरी स्नायू-सांध्यांतली, जी अंधारातही आपला हात कुठे आहे ते सांगते. या सगळ्या जाणिवांचा मेंदूत मेळ बसला नाही, तर मूल आडमुठं किंवा आळशी वाटतं. त्यांनी झोके, झोपाळे, ढकलण्या-ओढण्याचे खेळ उपचारात आणले. त्यांच्या सगळ्याच मांडणीवर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. पण एक गोष्ट शाळांना त्यांच्यामुळे शिकता आली. मूल 'ऐकत नाही' म्हणण्याआधी, त्याच्या अंगाला काय सोसत नाही, हे बघावं.

आता तुम्ही म्हणाल, मुंबई झाली, अमेरिका झाली, खेड्याचं काय? खेड्याचंही उदाहरण आहे. पश्चिम मेक्सिकोत डोंगरातलं अहोया नावाचं गाव. तिथे प्रोजिमो नावाचं पुनर्वसन केंद्र चाले. काम करणारे बहुतेक जण गावचेच आणि स्वतः अपंग. तिथल्या अनुभवावरून डेव्हिड वर्नर यांनी 1987 साली खेड्यातल्या अपंग मुलांवर एक जाडजूड सचित्र पुस्तक काढलं. लाकूड, बांबू, जुने टायर, मातीचा ढीग यांतून बसायची खुर्ची, धरून चालायचे बांबूचे कठडे, जाड मुठीचे चमचे कसे करायचे हे त्यात चित्रं काढून दाखवलं आहे. जिथे व्यवसायोपचारक नाही, तिथे घरच्यांनी काय करावं, हा त्या पुस्तकाचा विषय.

आपल्याकडे कायदाही हळूहळू बदलला. 1995 साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते 21 झाले. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता यांची त्यात वेगळी नावं आली. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांनी निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. आणि फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा गाडी येते, मुलांना तपासते, ती याच कार्यक्रमाची. आमच्या ताईंच्या मुलाला ज्यांनी पुढे पाठवलं, ते याच गाडीतले डॉक्टर.

त्या मुलाचं बटण

तर आम्ही दोघी-तिघी ताईंबरोबर गेलो. व्यवसायोपचारक बाई तरुण होत्या. त्यांनी मुलाला तपासण्याच्या टेबलावर झोपवलं नाही. त्याच्यापुढे चतकोर भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊन दाखव बरं." मग शर्ट काढायला लावला, मग खडू दिला. अर्धा तास नुसतं बघितलं. नंतर ताईंना विचारलं, "घरी जेवतो कसा?" ताई म्हणाल्या, "सासूबाई भरवतात. स्वतः खाल्लं तर सांडतो ना."

बाईंनी जे सांगितलं ते आम्ही वहीत लिहून घेतलं. त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो. हे त्या मुलापुरतं आहे. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, म्हणून आधी तपासणी हवीच.

बसताना पाय लोंबकळता कामा नयेत. पाय टेकलेले नसले, की मुलाची निम्मी ताकद तोल सांभाळण्यात जाते, हाताला उरत नाही. शाळेत पायाखाली पाट किंवा दोन विटा ठेवा. मेज कोपराच्या उंचीचं हवं. जेवताना ताटाखाली ओलं फडकं घाला, ताट सरकणार नाही. सपाट ताटाऐवजी काठ असलेली खोल ताटली द्या. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ जाड करा. लिहायला लांब पेन्सिल देण्यापेक्षा खडूचा बोटाच्या पेरापेक्षा छोटा तुकडा द्या. तुकडा छोटा असला, की तो मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. आणि उभ्या भिंतीवर, फळ्यावर लिहू द्या, त्यानं मनगट आणि खांदा दोन्ही कामाला लागतात.

बटणाची युक्ती तर आम्हाला फारच आवडली. सगळं बटण त्याला लावायला सांगायचं नाही. आपण बटण काजातून अर्धं पार करायचं आणि शेवटचं ओढायचं काम त्याला द्यायचं. म्हणजे काम 'त्यानं पुरं केलं' असं होतं. ते जमलं, की एक पायरी मागे यायचं. शेवटाकडून सुरुवातीकडे. आधी मोठी बटणं, मग लहान. आणि ज्या बाजूचा हात कमजोर, ती बाही आधी घालायची, काढताना ती शेवटी काढायची.

मग त्यांनी विचारलं, "घरात काय काय कामं असतात?" ताई सांगत गेल्या आणि बाई माना डोलावत गेल्या. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, हरभऱ्याचे घाटे सोलणं, लसूण पाकळ्या सुट्या करणं ही चिमटीची कामं. कणकेचा गोळा दाबणं, ओलं फडकं पिळणं ही तळहाताची. पाण्याची छोटी कळशी आणणं खांद्याचं. दोरीवर कपड्यांना चिमटे लावणं बोटांचं. रांगोळीचे ठिपके डोळ्याचं आणि हाताचं. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. क्लिफ्टन स्प्रिंग्जमध्ये सहा माणसांनी ज्यासाठी संस्था काढली, ते सगळं आमच्या ओसरीवर पडलेलं होतं, आणि प्रेमापोटी आम्ही त्याच मुलाला त्यापासून लांब ठेवलं होतं. "राहू दे, तुला नाही जमायचं", हे वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा बोलतो!

काही गोष्टी त्यांनी बजावून सांगितल्या. मुलाला आडवं ठेवून भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आखडलेला हात किंवा पाय जोरात ओढून सरळ करू नका. आणि शेंगदाण्यासारखी वस्तू हाताळताना मोठं माणूस जवळ हवंच. मूल अगदी लहान असेल किंवा तोंडात वस्तू घालत असेल, तर ते काम देऊच नका.

सोपं नव्हतं ते, हेही सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात ताई रडकुंडीला आल्या. "सकाळी सातला खुरपायला टेम्पो येतो. मी त्याला बटण लावायला पाव तास देऊ, की डबा करू?" त्यांचं खरंच होतं. या साऱ्या इतिहासात आया फार दिसतात, पण त्या आयांच्या मागे कोण उभं होतं, हे क्वचित लिहिलेलं असतं. उपचार घरात न्यायचा म्हणजे सगळा भार एकट्या आईवर टाकायचा, असा अर्थ होऊ नये. गटात बोलून आम्ही ठरवलं, की एका वेळी एकच काम घ्यायचं. बटण सकाळी घाईत नाही, संध्याकाळी शाळेचा शर्ट काढून पुन्हा घालताना, आणि ते वडिलांनी बघायचं. जेवण आजीकडे. आजींना समजावायला वेळ लागला. "माझ्या हातचा घास तोडता का?" म्हणाल्या. त्यांना आम्ही सांगितलं, घास तुमचाच, फक्त शेवटचा हात त्याचा.

शाळेत गुरुजींशी बोलणं झालं. मुलाला पुढच्या रांगेत बसवलं, पायाखाली पाट आला. पाच गणितांऐवजी दोन, पण ती पूर्ण. तोंडी उत्तर चालेल. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक येऊन भेटून गेले. पुढे बोर्डाच्या परीक्षेला अशा मुलांना लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो, त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा, हेही त्यांनीच सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या मुलानं मधली दोन बटणं स्वतः लावली. वरचं अजून जमत नाही. अक्षर अजून मोठं आणि वाकडं येतं. चमत्कार झाला असं आम्ही सांगणार नाही. पण आता वर्गात हात वर करतो, असं गुरुजी म्हणाले.

जी राहून गेली तिच्यासाठी

हे सगळं सांगताना आम्हाला गावातल्या एका मुलीची आठवण येते. ती आता पंचविशीत आहे. तिलाही लहानपणी असंच होतं, याहून जास्त. तेव्हा गाडी येत नव्हती, आम्हालाही काही कळत नव्हतं. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत बसवत. आम्ही शेजारणी जायचो, यायचो, हळहळायचो आणि घरी यायचो. तिच्या हातात कधी कोणी शेंग ठेवली नाही. आम्हीही नाही.

या वर्षी आम्ही तिच्या आईला सांगून तिला बैठकीला आणायला लागलो. पहिल्या वेळी ती कोपऱ्यात बसून राहिली. आता हप्ते गोळा होताना दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा वेगळ्या लावायचं काम तिच्याकडे असतं. वेळ लागतो. चहा गार होतो. कोणी घाई करत नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या वाडीवस्तीवर असं मूल असेल, तर आशाताईंना किंवा अंगणवाडी ताईंना सांगा, तपासणीची गाडी येते त्या दिवशी त्याला घरी ठेवू नका, जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. प्रत्येक ठिकाणी व्यवसायोपचारकाची जागा भरलेली असेलच असं नाही. नसेल तर गटानं मिळून अर्ज द्या, एकटीचा अर्ज फायलीत राहतो. आणि कागदावर 'ओटी' लिहिलेलं दिसलं, तर तीन आठवडे घाबरून बसू नका.

आजच्यापुरतं इतकंच. पुन्हा भेटूया. नमस्कार.